औषध किती वाजता द्यायचं?

हिमायतनगर, हैदराबाद
१४ जून १९९७

तीर्थरूप एकनाथमामांस,
साष्टांग नमस्कार.

पूर्णा स्टेशनसमोरच्या एस.टी.डी. बूथवर तुम्हाला बोलावलं, की तुम्ही "मोठ्याने बोल" यापलीकडे जात नाही, म्हणून सरळ पत्रच लिहिते. फेब्रुवारीत मामींना अर्धांगवायू झाला तेव्हा मी मुलाखतींच्या मागे होते, आले नाही. त्याची टोचणी अजून आहे. मामींचा उजवा हात कसा आहे? बोलणं सुधारलं का?

नोकरी लागली. औषधांची कंपनी आहे. आजवर ही मंडळी दुसऱ्यांनी शोधलेली औषधं आपल्या पद्धतीने, स्वस्तात बनवत होती. आता पेटंटचा कायदा बदलणार आणि ती वाट बंद होणार, म्हणून मालकांनी शहराबाहेर नवी प्रयोगशाळा बांधली आहे. तिथे स्वतःचं औषध शोधायचं. आणि मला कुठल्या कामावर घातलं असेल? मेंदूच्या झटक्यावर!

मामा, गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त बंद झालं, की मधल्या पेशी लगेच मरतात. पण त्यांच्या भोवतालच्या पेशी काही काळ अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतात. त्या वाचवणारं औषध आम्ही शोधतोय. प्रयोगासाठी पांढरे मोठे उंदीर आहेत. गळ्यातल्या रक्तवाहिनीतून नायलॉनचा बारीक दोरा मेंदूपर्यंत सरकवून रक्त अडवायचं आणि दोन तासांनी दोरा काढायचा. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या चकत्या करून रंगाच्या द्रावणात ठेवायच्या. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो.

आमचं सतरा नंबरचं औषध दिलेल्या उंदरांत पांढरा भाग निम्मा झाला. निम्मा! काल त्या चकत्या बघत मी किती वेळ उभी होते, मलाच कळलं नाही.

तुमची,
नीलिमा


पूर्णा
२५ जून १९९७

चि. नीलिमास आशीर्वाद.

तुझं पत्र तारामतीला दोनदा वाचून दाखवलं. "निम्मा" या शब्दावर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. तिला बरंच समजतं, शब्द मात्र बाहेर येत नाहीत. "पाणी" म्हणायचं असलं की "पोळी" म्हणते आणि मग स्वतःवरच चिडते.

आता माझे प्रश्न. तीस वर्षं सिकंदराबादला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्या कुठे आहेत हेच विचारत बसलो, त्यामुळे खोड जात नाही. दोरा घातल्यावर किती वेळाने औषध देता? उंदीर किती वयाचे? नर की मादी? दुखतं का त्यांना? आणि औषध दिलेला उंदीर दुसऱ्या दिवशी नीट चालतो का? तुझ्या पत्रात चकत्या आहेत, चालणं नाही.

शेवटचा प्रश्न तारामतीचा आहे, तिने बोटाने स्वतःकडे दाखवून विचारला. हे औषध बाजारात कधी येईल?

तुझा मामा,
एकनाथ


हैदराबाद
१२ जुलै १९९७

ती. मामा,

तुमच्या प्रश्नांनी आमच्या खोलीत करमणूक झाली. माझ्याबरोबर शिल्पा आहे. ती जन्माने इथल्या मलकपेठची, घरी मराठी, बाहेर दखनी. ती म्हणाली, "हौ, तेरे मामा को इधरीच नौकरी देना."

उत्तरं देते. उंदीर सगळे नर, तरुण, तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. आदल्या रात्रीपासून उपाशी. भूल देऊनच सगळं करतो, त्या वेळी दुखत नाही. नंतर दुखत असेल, म्हणून शिल्पा पिंजऱ्यात वेदनाशामक घालून ओला चारा ठेवते. चालणं आम्ही मोजत नव्हतो. आता मोजणार आहोत, हे तुमच्यामुळे. औषध दोरा घातल्यावर दहा मिनिटांनी देतो.

मामींच्या बाबतीत आत्ताच काही सांगता येत नाही. पाहू.

आमचे प्रमुख डॉ. संदेश रायचूरकर नऊ वर्षं अमेरिकेत होते. ही प्रयोगशाळा उभी करायला परत आले. म्हणतात, जानेवारीपर्यंत आकडे पक्के झाले तर परदेशी कंपनी सतरा नंबर विकत घेऊन पुढे माणसांवर तपासेल. एवढा खर्च आपल्याला झेपणारा नाही.

नीलिमा


पूर्णा
३ ऑगस्ट १९९७

चि. नीलिमास आशीर्वाद.

सोबत एक घडी घातलेला कागद आहे, तो आधी उघड. आमच्या कंट्रोल ऑफिसात असा तक्ता असायचा. आडवे तास, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. गाडी कुठे उभी राहिली तर रेघ आडवी जाते. मी तारामतीच्या त्या दिवसाची रेघ काढली आहे.

सकाळी सव्वाआठ, बोलणं गेलं, तोंड वाकडं झालं. नऊला गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन देऊन सलाईन लावलं आणि "दुपारपर्यंत बघू" म्हणाले. इथे बघ, बारापर्यंत रेघ आडवी. जीप दीड वाजता मिळाली. पावणेतीनला नांदेड. स्कॅन करणारा माणूस जेवायला गेला होता, स्कॅन साडेपाचला झालं. पहिलं खरं औषध सहा वाजता.

तू दहा मिनिटं म्हणतेस. पहिली दहा मिनिटं मी या घरात चपला शोधत होतो.

तुझ्या औषधाची खोड काढत नाही. मला खरंच कळत नाही म्हणून विचारतो. दहा मिनिटांत औषध मिळेल असा रोगी कोण?

एकनाथ


हैदराबाद
२१ ऑगस्ट १९९७

ती. मामा,

तुमचा तक्ता मी संदेश सरांच्या टेबलावर पसरला. सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "काढलाय सुंदर. पण जगभर सगळे दहा-पंधरा मिनिटांनीच देतात, म्हणून आपणही देतो. नाहीतर आपले आकडे त्यांच्याशी ताडून कसे बघणार?"

मी म्हटलं, "सर, रोगी आठ-दहा तासांनी येतो."

"एका रोग्यावरून?"

त्यांचंही खरं आहे. म्हणून एक काम सांगते. आणखी तक्ते मिळतील का? पूर्णा, वसमत, परभणी, जिथे तुमची ओळख असेल तिथे. मी इकडे उंदरांची नवी तुकडी मागितली आहे. औषध एका तासाने, दोन तासांनी, चार तासांनी. सरांनी नको म्हटलं नाही, "जानेवारीच्या कामात खोळंबा नको" एवढंच म्हणाले.

नीलिमा


पूर्णा
९ ऑक्टोबर १९९७

चि. नीलिमास आशीर्वाद.

आपलं धरून चौदा घरं झाली. शाळेची वही घेऊन जातो. लोक आधी बिचकतात, त्यांना वाटतं विमा कंपनीचा माणूस आला. मग मी तारामतीच्या तक्त्याची नक्कल दाखवतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आमचंही असंच झालं हो." पुढे तेच सांगत राहतात, मला फक्त मधूनमधून "तेव्हा किती वाजले होते?" एवढंच विचारावं लागतं. वसमतच्या सावित्रीबाईंनी रेडिओवरच्या बातम्यांवरून वेळ सांगितली. एकाने वरातीच्या बँडवरून.

चौदांपैकी सर्वांत लवकर पोचलेला माणूस साडेचार तासांनी पोचला. सहा जण दुसऱ्या दिवशी. पाच जण झोपेतून उठले तेच लुळे होऊन, त्यांची रेघ सुरू कुठून करायची ते मला समजत नाही. कदाचित तुला समजेल. वयं पंचावन्न ते अठ्ठ्याहत्तर. सात जणांना साखर. सहा बायका. तुझ्या उंदरांसारखा तरुण, निरोगी, उपाशीपोटी असलेला नर मला अजून एकही भेटलेला नाही.

आता एक दुरुस्ती. परवा मी वही लिहीत होतो तेव्हा तारामती जवळ येऊन बसली. तिने तिचा तक्ता ओढून घेतला, सव्वाआठवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मी विचारलं, "चूक आहे का?" तिने खूप प्रयत्न केला. ओठ जुळेनात. शेवटी म्हणाली, "सहा."

ती बरोबर सांगते. सहा वाजून दहा मिनिटांनी तिच्या हातातून काचेचा ग्लास पडला होता. म्हणाली, हाताला मुंग्या आल्यात. मी काच गोळा केली, हाताला तेल चोळलं आणि "जरा पडून राहा" म्हणालो. मग पेपर वाचत बसलो. दोन तास. तुला पाठवलेल्या तक्त्यात ते मी मुद्दाम घातले नाहीत. मला वाटलं होतं, तिला आठवत नसेल.

सुधारलेला तक्ता बाकीच्या तेरा तक्त्यांसोबत पाठवतो आहे. पहिला फाडून टाक.

एकनाथ


हैदराबाद
१५ फेब्रुवारी १९९८

ती. मामा,

चार महिने मी लिहिलं नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं.

चौदा तक्ते भिंतीवर लावले आहेत. पहिला फाडला नाही, घडी करून मागे ठेवला आहे. मुंग्यांना अर्धांगवायू कोण समजणार होतं, मामा? मीही तेलच चोळलं असतं.

नव्या तुकडीत कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी, हे फक्त शिल्पाला माहीत होतं. मी चकत्या मोजल्या, आकडे लिहिले, मग तिने यादीचं पाकीट फोडलं. एका तासाने दिलेल्या औषधाने पांढरा भाग चौथाईने कमी झाला. दोन तासांनी दिलेल्याने जेमतेम. चार तासांनी, काहीही नाही. औषध आणि मिठाचं पाणी, दोन्ही सारखंच. मी तो गट पुन्हा केला, या वेळी वयस्क उंदरांवर. पुन्हा तेच.

शिल्पा म्हणाली, "इतनी परेशान नक्को हो." मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "परदेशी मंडळींच्या भेटीची तारीख आता मे महिन्यातली ठरली आहे. त्यांनी चार तासांचे आकडे मागितलेले नाहीत. न विचारलेलं कशाला सांगायचं? माणसाचा मेंदू उंदरासारखा नसतो, तिथे कदाचित चालेलही." ते वाईट माणूस नाहीत. अमेरिकेतलं घर विकून इथे आलेत, साठ माणसांचं काम या एका सौद्यावर आहे.

आणि मामा, मीही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. मामींसाठी "पाहू" लिहिलं तेव्हाच मला माहीत होतं, की जुन्या झटक्यावर या औषधाचा काडीचा उपयोग नाही. मेलेल्या पेशी ते जिवंत करत नाही. मामींनी तुमचं मनगट धरलं हे वाचल्यावर माझ्याच्याने लिहवलं नाही.

मी काय करू?

नीलिमा


पूर्णा
२४ फेब्रुवारी १९९८

चि. नीलिमास आशीर्वाद.

"पाहू" हा शब्द मी तीस वर्षं साहेबांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. तारामतीला मी सांगितलं नव्हतं, परवा सांगितलं. मग डाव्या हाताने तिने पाटीवर "नी" काढलं आणि पुढे लिहिता येईना म्हणून माझ्याकडे पाटी दिली. मी "नीलिमा" पूर्ण केलं. तुझ्यावर तिचा राग नाही, एवढं मला कळलं. मला मात्र तिने दोन दिवस चहा केला नाही. आता डाव्या हाताने करायला लागली आहे ना.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही, नोकरी तुझी आहे. एक प्रश्न मात्र आहे. ती परदेशी मंडळी औषध माणसांवर तपासतील तेव्हा माणसं किती तासांनी आलेली असतील? वसमतसारखीच ना? मग शंभर-दोनशे रोग्यांना ते औषध टोचल्यावर त्यांना जे कळेल, ते तुला आजच माहीत आहे. त्या रोग्यांच्या घरची माणसं पण कुणाचं तरी मनगट धरून बसलेली असतील.

एकनाथ


हैदराबाद
१० मे १९९८

ती. मामा,

झालं ते क्रमाने सांगते. बंजारा हिल्सच्या हॉटेलात बैठक होती. तिघे आले होते, त्यात पिकल्या केसांची एक शास्त्रज्ञ बाई. सरांनी दहा मिनिटांचे आकडे दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाईंनी विचारलं, "उशिरा दिलं तर?"

सर म्हणाले, "काम चालू आहे."

मी सगळ्यांत मागे बसले होते. उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. म्हटलं, "काम झालं आहे. आकडे माझ्याकडे आहेत." आणि तुमच्या चौदा तक्त्यांसकट सगळं टेबलावर ठेवलं. बाईंनी एकेक तक्ता उलगडला. आडव्या रेघांचा अर्थ मला समजावून सांगावा लागला. सावित्रीबाईंच्या रेडिओच्या बातम्यांवर त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

सौदा झाला नाही. सर गाडीत माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला गोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथे मी डोकेदुखीची गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते बघते. रोज तेच. सरांनी काढून टाकलं नाही हेही खूप झालं.

मला पश्चात्ताप नाही. पण पायऱ्यांवरून वर चढताना आमच्या जुन्या खोलीचा दरवाजा दिसतो.

नीलिमा


पूर्णा
२२ नोव्हेंबर १९९८

चि. नीलिमास आशीर्वाद.

आज एक हकिगत लिहायची आहे. तीन घरं सोडून हणमंतराव राहतात, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. तीन तारखेला दुपारी चार चाळीसला चहा पिताना त्यांच्या ओठातून चहा ओघळला आणि उजवा पाय मुडपला. त्यांची सून रंजना डॉक्टरांकडे गेली नाही, धावत आमच्याकडे आली. "वेळ विचारणारे मामा" अशी माझी आता ओळख झाली आहे. मी काही बोलायच्या आत तारामती दारात उभी राहून ओरडली, "जीप!" स्पष्ट. एका शब्दात. ती माझ्यावरच ओरडत होती.

चार छप्पन्नला जीप निघाली. गल्लीतले डॉक्टर नाहीत, सलाईन नाही. पाच पन्नासला नांदेडच्या दवाखान्यात. एक तास दहा मिनिटं. माझ्या वहीत असा आकडा कधी आला नव्हता. डॉक्टरही चकित झाले. स्कॅन लगेच केलं, रक्तस्राव नव्हता. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, इतक्या लवकर माझ्याकडे कुणी येत नाही. पण या वेळेला द्यावं असं माझ्याजवळ काही नाही. परदेशात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन निघालंय, इथे नाही." मला वाटत होतं, पोचलं की झालं.

पण पुढचं ऐक. चौथ्या दिवशी हणमंतराव उठून बसले. बाराव्या दिवशी चालत घरी आले. ॲस्पिरिनखेरीज काही दिलेलं नाही. त्याच खोलीतला दुसरा रोगी त्यांच्याच वयाचा, मेंदूच्या त्याच रक्तवाहिनीत गुठळी, आणि तो अजून खाटेवरून हलत नाही. मी विचारलं, "डॉक्टर, हे बरे कशाने झाले?" ते म्हणाले, "खरं सांगू? माहीत नाही. काहींचं असं होतं."

काहींचं असं का होतं, नीलिमा? तुझ्या उंदरांत होतं का?

एकनाथ


हैदराबाद
६ डिसेंबर १९९८

ती. मामा,

तुमचं पत्र मी गोळ्यांच्या विभागात उभ्यानेच वाचलं. शेवटची ओळ वाचली आणि जिना चढून सरळ सरांच्या खोलीत गेले. सहा महिन्यांनी. त्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं, की त्या परदेशी कंपनीचं स्वतःचं असंच एक औषध माणसांवर फसलं. रोगी सहा-सहा तासांनी आलेले. सर म्हणाले, "बस." मग म्हणाले, "तुझ्या मामांचे तक्ते त्या बाईंनी परत पाठवले नाहीत."

मी त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं.

मामा, उंदरांत होतं. मिठाचं पाणी दिलेल्या उंदरांतसुद्धा मधूनच एखादा निघतो, ज्याच्या मेंदूत पांढरा ठिपका अगदी लहान असतो. औषध नाही, काही नाही. दोरा नीट बसला नसेल असं धरून आम्ही ते उंदीर मोजणीतून काढून टाकत आलो. सगळेच तसं करतात. पण दोऱ्याची नोंद मी दरवेळी करत असे, आणि वह्या काढून पाहिल्या तर दोरा बरोबर बसला होता. माझ्या तिथल्या वर्षभरात असे अकरा. त्यांच्या चकत्या शिल्पाने बरण्यांत ठेवल्या होत्या, तिला काही फेकवत नाही म्हणून.

सर म्हणाले, "हे मोजणीतून काढायला कुणी सांगितलं होतं?"

शिल्पा म्हणाली, "तुम्हीच, सर."

ते स्टूल ओढून बसले आणि पहिली बरणी त्यांनीच उघडली.

आज रविवार, तरी आम्ही तिघं इथे आहोत. आमचे उंदीर इथेच जन्मतात, त्यांच्या कानांवर खुणा असतात, त्यावरून कोण कुणाचं पिल्लू ते कळतं. तासाभरापूर्वी शिल्पाने यादी जुळवली. अकरांपैकी सात जण एकाच आईचे आहेत. रक्त अडलं तरी तग धरायची सोय या पिल्लांच्या मेंदूत जन्मतःच असते की काय? दुसऱ्या वाटेने रक्त येतं का? अजून आम्हाला काहीच माहीत नाही. उद्यापासून मी पुन्हा याच खोलीत आहे.

मामींना सांगा, त्यांचा "जीप" हा शब्द मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

आणि वही घेऊन हणमंतरावांकडे जाऊन या. त्यांना भाऊ-बहिणी किती? त्यांच्यापैकी कुणाला झटका आला होता का? आणि आला असेल, तर ते चालत घरी आले का?

तुमची,
नीलिमा